एमजीएच दोनदा मोजू नका: कन्झर्व्हेटिव्ह फोर्स आणि यांत्रिक ऊर्जेची गणितं, पायरीपायरीने

अकरावीतल्या एका टेस्टचा पेपर मी अजून जपून ठेवलाय. प्रश्न अगदी साधा, २० मीटरवरून दगड सोडला, जमिनीवर आदळताना वेग किती. जी, म्हणजे गुरुत्व त्वरण, १० धरला (या लेखात सगळीकडे १०च धरलाय) तर उत्तर २० मीटर प्रति सेकंद येतं. माझं आलं होतं २८. कारण मी आधी स्थितिज ऊर्जा म्हणून एमजीएच (वस्तुमान × जी × उंची) लिहिलं, मग गुरुत्व बलाने केलेलं काम म्हणून परत एमजीएच लिहिलं, दोन्हींची बेरीज केली आणि वर बॉक्स करून दोन रेघा पण ओढल्या. सरांनी शेजारी लाल पेनाने फक्त "दोनदा?" एवढंच लिहिलं होतं.

आता नाशिकच्या कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत मी स्वतः अकरावी-बारावीची पोरं शिकवतो आणि दरवर्षी निम्म्या बॅचच्या वहीत तोच २८ सापडतो, आकडे वेगळे असतात एवढंच. फॉर्म्युले सगळ्यांना पाठ असतात हो. गोंधळ असतो तो हिशोबाचा, कोणतं बल कुठल्या खात्यात लिहायचं याचा. म्हणून हा लेख त्या हिशोबाच्या क्रमाने लिहितोय, वही-पेन घेऊन बसा.

पायरी १: बलांची वाटणी करा

गणित वाचल्यावर पहिलं काम म्हणजे वस्तूवर कोणकोणती बलं लागतायत ती लिहून काढणं. मग प्रत्येक बलाला एकच प्रश्न विचारायचा, बाबा रे, मी इथून निघून फिरून परत इथेच आलो तर तुझं एकूण काम (बल गुणिले बलाच्या दिशेने कापलेलं अंतर) किती? शून्य आलं, आणि ते कुठल्याही वाटेने फिरलं तरी शून्यच आलं, तर ते बल कन्झर्व्हेटिव्ह. नाहीतर नॉन-कन्झर्व्हेटिव्ह.

पांडवलेणीला चला. पाठीवर ५ किलोची सॅक आहे आणि चढ ८० मीटरचा आहे असं समजा. तुम्ही पायऱ्यांनी शहाण्यासारखे वर गेलात आणि मित्र मागच्या बाजूने झुडपांतून खरचटत वर आला, दोघांच्या सॅकवर गुरुत्व बलाचं काम तेवढंच, उणे ४००० ज्यूल. उतरताना अधिक ४०००. बेरीज शून्य. गुरुत्व बलाला तुमच्या वाटेशी काही घेणंदेणं नाही, ते फक्त कुठून निघालात आणि कुठे पोचलात एवढंच बघतं. (तुमचे पाय दुखले, घाम आला, तो हिशोब शरीराच्या आतला आहे, तो गुरुत्व बलाच्या नावावर टाकू नका. हा प्रश्न दर बॅचमध्ये कोणीतरी विचारतंच आणि चांगला प्रश्न आहे.)

आता मार्केट यार्डात या. २० किलोचा क्रेट फरशीवरून १० मीटर ओढत नेला, म्यू (घर्षणाचा गुणांक) ०.३ आहे, म्हणजे घर्षण ६० न्यूटन. जाताना घर्षणाचं काम उणे ६००. परत जागेवर आणला, पुन्हा उणे ६००. क्रेट जिथल्या तिथे आणि खात्यातून १२०० ज्यूल गेले. घर्षण म्हणजे हमाली. माल नेताना द्यायची, आणि माल विकला गेला नाही म्हणून परत आणलात तरी पुन्हा द्यायचीच, आधीची हमाली कोणी परत देत नाही. गुरुत्व बल म्हणजे बँकेतली ठेव, टाकली तेवढी निघते.

इथे पोरं अडकतात: "सर, ६० न्यूटन तर कॉन्स्टंट आहे ना, आणि कॉन्स्टंट बल तर कन्झर्व्हेटिव्ह असतं!" अरे, ६० हा आकडा कॉन्स्टंट आहे, दिशा कुठे कॉन्स्टंट आहे? क्रेट वळला की घर्षणाची दिशा पण वळली. गुरुत्व बल मात्र तुम्ही वर जा, खाली जा, खालीच ओढणार. हवेचा विरोध पण घर्षणाच्याच जातीचा, उलट तो वेगावर सुद्धा अवलंबून असतो.

तिसरा पण एक गट करा, ज्याला मी "काम शून्य" म्हणतो. टेबलाने वर दिलेलं नॉर्मल बल, लोलकाच्या दोऱ्यातला ताण, ही बलं हालचालीला काटकोनात असतात म्हणून काम करतच नाहीत. ती कन्झर्व्हेटिव्ह आहेत का नाहीत यावर डोकं खपवू नका, कट मारा आणि पुढे जा. फक्त टेबल स्वतः हलत असेल, लिफ्ट असेल, तर थांबून विचार करा, तिथे नॉर्मल बल काम करतं.

जेईई देणाऱ्यांसाठी एक सापळा सांगून ठेवतो, बाकीच्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. "बल फक्त जागेवर अवलंबून आहे म्हणजे कन्झर्व्हेटिव्ह" हे सरळ रेषेतल्या गतीसाठी खरं आहे, प्रतलात नाही. समजा बलाचा एक्स-घटक हा वाय एवढा आहे आणि वाय-घटक शून्य. (०,०) पासून (१,१) पर्यंत जायचंय. आधी आडवे जा मग उभे: आडवं जाताना वाय शून्य म्हणून बल शून्य, उभं जाताना बल आडवं म्हणून काम शून्य, एकूण शून्य. आता आधी उभे जा मग आडवे: उभं जाताना शून्य, पण आडवं जाताना वाय १ आहे, काम १. टोकं तीच, वाटेनुसार उत्तर वेगळं. खेळ खलास, नॉन-कन्झर्व्हेटिव्ह. झटपट चाचणी पाहिजे तर एक्स-घटकाचं वाय-सापेक्ष आंशिक विकलन आणि वाय-घटकाचं एक्स-सापेक्ष, दोन्ही सारखी आली पाहिजेत. इथे एक १ आहे आणि दुसरं शून्य.

पायरी २: स्थितिज ऊर्जा म्हणजे नेमकं काय ते एकदा नीट समजून घ्या

सगळा घोळ इथेच आहे. स्थितिज ऊर्जा ही काही दगडात भरलेली वेगळी वस्तू नाही, ती कन्झर्व्हेटिव्ह बलाच्या कामाचीच नोंद आहे, चिन्ह उलटं करून लिहिलेली. गुरुत्व बलाने उणे ४००० काम केलं की खात्यात अधिक ४००० जमा. म्हणजे तुम्ही एमजीएच लिहिलंत त्या क्षणी गुरुत्व बलाचं काम लिहून झालं. आता ते काम म्हणून परत लिहायचं नाही. एकतर काम लिहा, नाहीतर स्थितिज ऊर्जा लिहा, दोन्ही नको. माझा २८ इथूनच आला होता.

घर्षणाची स्थितिज ऊर्जा का नसते ते पण यातूनच कळतं. खातं ठेवायचं तर एका जागेला एकच शिल्लक पाहिजे ना. क्रेट त्याच जागेवर परत आला आणि हिशोब १२०० ने कमी, मग त्या जागेची शिल्लक कुठली लिहिणार?

शून्य कुठे धरायचं? कुठेही. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, पण म्हणून टेबलावरून पडणाऱ्या खडूच्या गणितात ६०० मीटर कोणी धरत नाही, फरशीला शून्य म्हणतो आणि मोकळे होतो, कारण गणितात नेहमी फरकच लागतो. अट एकच, गणित संपेपर्यंत शून्य हलवायचं नाही. आणि शून्याच्या खाली गेलात तर एच उणे घ्यायचा, घाबरायचं नाही. स्प्रिंगचं शून्य मात्र तिच्या नैसर्गिक लांबीला असतं, तिथून एक्सने ताणली किंवा दाबली तर हाफ केएक्स स्क्वेअर (के म्हणजे स्प्रिंगचा ताठपणा). हे सूत्र वापरून शून्य दुसरीकडे ढकललंत तर उत्तर चुकणार.

अजून एक बारीक गोष्ट. आपण बोलताना "दगडाची स्थितिज ऊर्जा" म्हणतो, खरं तर ती दगड आणि पृथ्वी या जोडीची असते. दगड एकटाच सिस्टीम धरला तर गुरुत्व बल बाहेरून काम करतंय, मग काम लिहा. पृथ्वी पण सिस्टीममध्ये घेतली तर ते घरातलं बल झालं, मग एमजीएच लिहा. सिस्टीम कोणती ते पहिल्या ओळीत लिहायची सवय लावली तर दोनदा मोजायची चूक बऱ्यापैकी आपोआप बंद होते.

पायरी ३: एकच समीकरण

कार्य-ऊर्जा प्रमेय म्हणतं, सगळ्या बलांचं मिळून काम म्हणजे गतिज ऊर्जेतला (वेगामुळे असलेल्या ऊर्जेतला, हाफ एमव्ही स्क्वेअर) बदल. त्यातलं कन्झर्व्हेटिव्ह बलांचं काम उचलून दुसऱ्या बाजूला स्थितिज ऊर्जा म्हणून नेलं की उरतं हे:

सुरुवातीची गतिज + सुरुवातीची स्थितिज + नॉन-कन्झर्व्हेटिव्ह बलांचं काम = शेवटची गतिज + शेवटची स्थितिज

बस, एवढंच. गतिज अधिक स्थितिज म्हणजे यांत्रिक ऊर्जा. मधलं काम शून्य असेल तर यांत्रिक ऊर्जा कायम राहते, नसेल तर तेवढीच बदलते. "यांत्रिक ऊर्जा अक्षय्य असते" असं सरसकट पाठ केलेल्यांनी ते खोडा, अक्षय्य असते ती एकूण ऊर्जा. यांत्रिक ऊर्जेला अट आहे.

पायरी ४: आता गणितं

रंगपंचमीची रहाड घेऊ. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, जुन्या नाशकात पेशवेकाळापासूनचे दगडी हौद आहेत, वर्षभर वरून फळ्या आणि माती टाकून बुजवलेले असतात, रंगपंचमीला उघडतात, रंगीत पाण्याने भरतात आणि पोरं त्यात धप्पा मारतात. तर ६० किलोचा एक जण उडी मारतो, उडीच्या सगळ्यात वरच्या बिंदूला त्याचे पाय पाण्यापासून १.८ मीटर वर आहेत, आणि पाण्यात २ मीटर खाली जाऊन तो थांबतो. पाण्याला पाय लागताना वेग किती, आणि पाण्याने सरासरी किती बल लावलं?

पहिला भाग सोपा. हवेचा विरोध सोडला, मधलं काम शून्य. एमजीएच = हाफ एमव्ही स्क्वेअर, वस्तुमान दोन्हीकडून उडालं, वेग = √(२ × १० × १.८) = ६ मीटर प्रति सेकंद. पैलवान असो नाहीतर पाप्याचं पितर, वेग तोच.

दुसऱ्या भागात गंमत आहे. बहुतेक जण म्हणतात, पाण्यावर पोचताना गतिज ऊर्जा ६० × १० × १.८ = १०८० ज्यूल, ती २ मीटरमध्ये संपली, म्हणून बल १०८० ÷ २ = ५४० न्यूटन. वहीत छान दिसतं. पण त्या पोराचं वजनच ६०० न्यूटन आहे! पाणी वर ५४० ने ढकलतंय आणि पृथ्वी खाली ६०० ने ओढतेय, तर तो थांबेल कसा, उलट वेग वाढेल. चूक कुठे झाली? पाण्यातल्या २ मीटरमध्ये पण तो खाली जातोय, तिथली स्थितिज ऊर्जा धरलीच नाही. सुरुवात वरच्या टोकाला, शेवट पाण्यात थांबतो तिथे, दोन्हीकडे गतिज शून्य. उंचीतला फरक ३.८ मीटर. ६० × १० × ३.८ = २२८०, पाण्याचं काम उणे २२८०, बल = २२८० ÷ २ = ११४० न्यूटन. वजनाच्या दुपटीला जरा कमी, हे पटण्यासारखं आहे. उत्तर आल्यावर ते वजनाशी ताडून बघायची सवय लावा, कितीतरी चुका तिथेच पकडल्या जातात.

दुसरं, उतरती फळी. टेम्पोतून द्राक्षाचे क्रेट उतरवायला २ मीटर लांबीची फळी लावलीय, वरचं टोक १ मीटर उंच, म्हणजे ३० अंश. क्रेट १० किलो, म्यू ०.३. इथे घर्षण म्हणून म्यू एमजी म्हणजे ३० न्यूटन लिहिलं की गेलं गणित. उतारावर नॉर्मल बल एमजी कॉस थीटा असतं, ८६.६, म्हणून घर्षण २६ न्यूटन, आणि त्याचं काम फळीच्या पूर्ण लांबीवर, उणे ५२ ज्यूल. उंची १ मीटर गुरुत्व बलासाठी, लांबी २ मीटर घर्षणासाठी, हे दोन आकडे अदलाबदल करू नका. १०० − ५२ = ४८, वेग √९.६, साधारण ३.१ मीटर प्रति सेकंद. घर्षण नसतं तर ४.५ च्या आसपास आला असता.

तिसरं माझं सगळ्यात आवडतं, थोडा जास्त वेळ देतो. ताणकाटा, तो भंगारवाल्याकडचा हुकवाला. स्प्रिंगचा के २०० न्यूटन प्रति मीटर, हुकला २ किलोचं वजन लावलं. स्प्रिंग किती ताणेल? मागच्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका पोरीने फळ्यावर येऊन दोन उत्तरं लिहिली. बलांचा समतोल लावला तर केएक्स = एमजी, २० ÷ २०० = १० सेंटिमीटर. ऊर्जा लावली तर एमजीएक्स = हाफ केएक्स स्क्वेअर, म्हणून एक्स = २एमजी ÷ के = २० सेंटिमीटर. "सर, स्प्रिंग एक, उत्तरं दोन, खरं कुठलं?" वर्गात पिनड्रॉप शांतता.

दोन्ही खरी आहेत, प्रश्न वेगळे आहेत. वजन हुकला अडकवून हात झटकन सोडलात तर ते १० सेंटिमीटरला थांबत नाही, तिथे त्याचा वेग सगळ्यात जास्त असतो, ते खाली २० पर्यंत जातं, परत वर येतं, असं झुलत राहतं. पण हाताचा आधार ठेवून हळूहळू सोडलंत तर १० वर जाऊन शांत बसतं. मग ऊर्जेचा हिशोब? १० सेंटिमीटर खाली आल्यावर गुरुत्वाने दिले २ × १० × ०.१ = २ ज्यूल, स्प्रिंगमध्ये साठले १/२ × २०० × ०.०१ = १ ज्यूल. उरलेला एक ज्यूल हाताने खाल्ला. हात वर लावलेला होता, वजन खाली जात होतं, म्हणजे हाताचं काम उणे १. नॉन-कन्झर्व्हेटिव्ह काम म्हणजे घर्षणच असं नाही, हात पण त्यातच येतो. आणि झटकन सोडलेलं वजन शेवटी झुलायचं थांबून १० वरच स्थिर होतं, तेव्हा तो एक ज्यूल हवेत आणि स्प्रिंगच्या धातूत उष्णता होऊन गेलेला असतो.

लोलकाबद्दल दोनच ओळी: १ मीटर दोरा ६० अंशाला नेला तर उंची एल कॉस थीटा नाही, एल × (१ − कॉस थीटा), म्हणजे अर्धा मीटर, आणि खालून जाताना वेग √१०, साधारण ३.२. चित्र काढलंत तर चुकणार नाही.

पायरी ५: गेलेली ऊर्जा शोधा

समीकरणातलं मधलं काम उणे आलं की स्वतःला विचारा, गेली कुठे. सोमेश्वरच्या धबधब्याखाली पाणी आपटतं आणि थोडं पुढे गेलं की शांत वाहतं. उंची १० मीटर धरा, दर किलोमागे १०० ज्यूल. पाण्याची विशिष्ट उष्माधारकता साधारण ४२०० ज्यूल प्रति किलो प्रति अंश आहे, म्हणजे तापमान फार तर ०.०२४ अंशाने वाढेल. हाताला कळणं शक्यच नाही, आणि म्हणूनच "ऊर्जा नाहीशी झाली" असं वाटतं. यांत्रिक काम आणि उष्णता यांचा हा हिशोब जेम्स ज्यूलने १८४० च्या दशकात काटेकोर मोजून दाखवला, ज्यूल हे एकक त्याच्याच नावाचं.

उलटा प्रकार कसाऱ्याच्या घाटात. तिथे रेल्वेचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. मुंबईहून आपल्याकडे येणाऱ्या बऱ्याच गाड्यांना कसाऱ्याला मागून ढकलायला बँकर म्हणजे जादा इंजिनं लावतात ती उगाच नाही. १००० टनाची गाडी धरा, दर किलोमीटरला ती २७ मीटर वर जाते, फक्त उंचीसाठी २७ कोटी ज्यूल, म्हणजे ७५ युनिट वीज. घर्षण वेगळं. उतरताना ही ठेव परत मिळते पण ती घ्यायला कोणीतरी पाहिजे, नुसते ब्रेक दाबले तर सगळी उष्णता. आताची थ्री-फेज इलेक्ट्रिक इंजिनं उतारावर मोटरचाच जनरेटर करून वीज वरच्या तारेत परत पाठवतात.

आणि भंडारदऱ्याच्या पुढे घाटघरला तर हाच धंदा आहे. वरचा जलाशय, खालचा जलाशय, मधे साधारण ४०० मीटर उंची, विजेची मागणी कमी असते तेव्हा पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की खाली सोडून २५० मेगावॅट काढायचे. एक घनमीटर पाणी म्हणजे १००० × १० × ४०० = ४० लाख ज्यूल, एक युनिटपेक्षा थोडं जास्त. २५० मेगावॅटला दर सेकंदाला निदान ६२ घनमीटर पाणी पाहिजे, आणि पाइपातलं घर्षण, टर्बाइनची हमाली धरली तर अजून जास्त. पाणी चढवायला घातलेली सगळी वीज परत कधीच मिळत नाही.

घरी करून बघायचं असेल तर टेनिसचा बॉल, भिंतीला चिकटवलेली मोजपट्टी आणि मोबाइलचा स्लो-मोशन कॅमेरा, एवढं पुरे. १ मीटरवरून नुसता सोडा, ढकलू नका. पहिल्या उडीला किती वर आला ते बघा. नवा चांगला बॉल साधारण ५५ सेंटिमीटरच्या आसपास येतो, म्हणजे एका टप्प्यात ४५ टक्के यांत्रिक ऊर्जा गेली. दुसऱ्या, तिसऱ्या उडीची उंची पण लिहा आणि प्रत्येकीला आधीच्या उंचीने भागा. गुणोत्तर जवळपास तेच येतं का बघा. कॅमेरा बॉलच्या उंचीच्या रेषेत धरा, वरून तिरका धरलात तर मोजपट्टी खोटं वाचन दाखवते. आणि पहिलं गुणोत्तर १ च्या वर आलंच, तर बॉल सोडताना हाताने ढकललाय, हाताचं काम समीकरणात मांडा आणि परत सोडा.